नवऱ्याचा बीएमआय २३.७, बायकोचा २८ : हृदयाचा धोका कोणाला जास्त?

प्रश्न थोडक्यात असा. कंपनीच्या वार्षिक तपासणीत नवरा-बायको दोघांची मापं घेतली. विचारणारे गृहस्थ ४४ वर्षांचे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६७ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २३.७. कागदावर हिरव्या रंगात ‘नॉर्मल’. पत्नी ४१ वर्षांच्या, उंची १५४, वजन ६६.५, बीएमआय २८. त्यांच्या कागदावर लाल रंगात ‘ओव्हरवेट, हृदयविकाराचा धोका’. त्यावरून घरात चेष्टा झाली आणि आता वहिनींनी रात्रीचं जेवण सोडलंय. गृहस्थांनी विचारलंय : बीएमआयवरून हृदयाचा धोका खरंच कळतो का, आणि तिने काय करावं?

तुम्ही दोघांचे बाकीचे रिपोर्टही लिहून पाठवलेत, हे फार बरं केलंत. तुमचं बीपी १३८/८८, उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २१२, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १४२, कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर. चहाबरोबर दिवसाला दोन-तीन सिगारेटी. वडिलांना ५१व्या वर्षी हार्ट अटॅक. वहिनींचं बीपी ११८/७६, साखर ८८, ट्रायग्लिसराइड ११०, एचडीएल ५२, घेर ८६, व्यसन नाही, माहेरी कोणाला हृदयविकार नाही, रोज पाऊण तास चालणं.

हे कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आले असते, तर मी आधी तुम्हाला आत बोलावलं असतं. वहिनी बाहेर बाकावर बसल्या असत्या तरी चाललं असतं. असं का, ते सांगतो.

बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणं, एवढंच. हे गणित कुठल्या डॉक्टरने काढलेलं नाही. १८३० च्या दशकात अ‍ॅडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने ते मांडलं. लोकसंख्येतला ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधणं हा त्याचा छंद होता. हृदयविकार त्याच्या डोक्यातही नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी दिलं. पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं तपासून त्यांनी म्हटलं की चरबीचा अंदाज घेण्याच्या सोप्या सूत्रांमध्ये हे त्यातल्या त्यात बरं आहे. त्या अभ्यासात बाई एकही नव्हती आणि भारतीयही एकही नव्हता. म्हणून सूत्र टाकाऊ ठरत नाही, पण त्याच्याकडून किती अपेक्षा करायची हे ठरतं. अंगावरचा किलो स्नायूचा, पाण्याचा की चरबीचा, आणि चरबी असेल तर ती मांडीवर की आतड्यांभोवती, हे काट्याला कळत नाही.

आणि हृदयाच्या दृष्टीने नेमकं तेच महत्त्वाचं आहे. कातडीखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची, तुलनेने निरुपद्रवी. पोटाच्या आत आतड्यांना लपेटून बसलेली चरबी वेगळी. तिथून सुटणारी स्निग्धाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. यकृतात चरबी साचते, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, ट्रायग्लिसराइड वाढतं, एचडीएल घटतं, साखर आणि बीपी हळूहळू वर सरकतात. तुमचे आकडे पुन्हा वाचा. हीच गोष्ट त्यांत लिहिलेली आहे.

आपल्या लोकांत हा प्रकार जास्त दिसतो, आणि जगाला तो समजावून देण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन या दोन मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मोजली तेव्हा यडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मी शिकाऊ डॉक्टरांना बीएमआयबद्दल फार बोलत नाही, हा फोटो दाखवतो. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत बाळांची मापं घेतली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. हात, पाय, पोट, सगळं आपल्या बाळांचं लहान होतं, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. म्हणजे ‘सुकडा पण चरबीवाला’ हा साचा पाळण्यातच तयार असतो. पुढे शहर, खुर्ची आणि बेकरी त्यात भर घालतात.

म्हणून आपल्यासाठी पट्ट्या वेगळ्या आहेत. कंपनीच्या कागदावर २५ च्या खाली सगळं हिरवं दाखवलंय, ती युरोपीय लोकांवरून आलेली जागतिक पट्टी. आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये सांगितलं. भारतीय डॉक्टरांच्या २००९ च्या सहमतीत २३ ते २४.९ म्हणजे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरला आहे. या हिशोबाने तुम्ही हिरव्यात नाहीच. तपासणी करणाऱ्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती पट्टी भरली आहे, यावर माणूस निरोगी की आजारी हे ठरतं. मला याचा राग येतो, पण दर वर्षी असे कागद येतातच.

मोजण्यातला ढिसाळपणा हा आणखी एक भाग. कॅम्पमध्ये वजनकाटा गालिच्यावर ठेवलेला असतो, बूट पायात असतात, मोबाइल आणि पाकीट खिशात असतं, आणि उंची तर मोजतच नाहीत, विचारतात. पुरुष उंची विचारली की कॉलेजातली सांगतात, तीही दोन बोटं वाढवून. तुम्ही १७१ सांगितली असती तर तुमचा बीएमआय २२.९ झाला असता, म्हणजे भारतीय पट्टीतही सुटला असतात. ३ सेंटिमीटरच्या थापेत अख्खा गट बदलतो.

आता घेराकडे येऊ. पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटरच्या आत, ही आपल्याकडची मर्यादा. तुम्ही ९४, वहिनी ८६. दोघंही बाहेर. ‘पण माझी पँट ३४ ची आहे डॉक्टर,’ हे वाक्य मी रोज ऐकतो. पँट ३४ ची असते कारण पट्टा ढेरीच्या खाली बांधलेला असतो! माप पट्ट्यावर घ्यायचं नाही. कुशीत बोटं लावा, शेवटची बरगडी कुठे संपते ते बघा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, आणि दोहोंच्या मध्यावर शिंप्याची टेप उघड्या अंगावर आडवी धरा. श्वास सहज सोडून झाला की वाचा. पोट आत ओढलं तर डॉक्टर फसतील, यकृत फसणार नाही.

घेराला उंचीने भागलं की आणखी सोपं माप मिळतं : कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढणारी इंग्लंडची ‘नाइस’ ही संस्था २०२२ पासून हेच सांगते, ०.५ च्या वर धोका वाढलेला, ०.६ च्या वर बराच जास्त. तुमचा भागाकार ०.५६. वहिनींचाही ०.५६.

इथे मी स्वतः क्षणभर थांबलो. बीएमआय म्हणतो बायकोला धोका जास्त, टेप म्हणते दोघं सारखे. म्हणजे टेपही निकाल देत नाही. बीएमआयला शिव्या घालून घेराला देव्हाऱ्यात बसवण्याची सध्या फॅशन आहे, तिच्यापासूनही जरा लांब राहा. २०११ साली ५८ अभ्यासांतल्या २ लाख २१ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून एक मोठा हिशोब ‘लॅन्सेट’मध्ये आला. वय, लिंग आणि धूम्रपान लक्षात घेतल्यावर, बीएमआय साधारण साडेचारने वाढला की हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका २३ टक्क्यांनी वाढत होता. घेराचं प्रमाणही जवळपास तेवढंच. मग त्यांनी बीपी, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल हिशोबात धरलं. बीएमआयचा २३ टक्क्यांचा फरक ७ वर आला, घेराचाही तसाच खाली आला. बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल माहीत असलेल्या माणसाबाबत वजन किंवा घेर अंदाजात फारशी भर घालत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे वाचून काही लोक म्हणतात, म्हणजे वजनाने काही होत नाही. उलटं आहे. धरणाचं पाणी तीन पाटांनी शेतात येतं : बीपी, साखर, रक्तातली चरबी. पाटांमधलं पाणी मोजून झालं की धरणाची पातळी नवीन काही सांगत नाही. पण पाणी आलंय धरणातूनच, आणि पुढच्या वर्षीही तिथूनच येणार.

यावरून बीएमआय नेमका कुठे वापरायचा ते कळतं. पाट मोजायची सोय नसेल तिथे तो कामाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये धोक्याचे तक्ते नव्याने काढले, दहा वर्षांत अटॅक किंवा पक्षाघात होण्याची शक्यता सांगणारे. त्यात दोन प्रकार आहेत. रक्ततपासणी होत असेल तर कोलेस्टेरॉल आणि मधुमेह धरायचा. होत नसेल तर वय, लिंग, धूम्रपान, वरचं बीपी आणि बीएमआय. दुर्गम उपकेंद्रात काटा, उंचीची पट्टी आणि बीपीचं यंत्र एवढ्यावर अंदाज येतो, ही लहान गोष्ट नाही. पण तो रंगीत तक्ता एकदा समोर घेऊन बघा. बीएमआयच्या एका घरातून शेजारच्या घरात गेलं तर आकडा जेमतेम हलतो. सिगारेट ओढणाऱ्यांच्या तक्त्यात गेलं किंवा बीपीच्या एक-दोन ओळी वर चढलं की रंगच बदलतो.

आपल्या सरकारी कार्यक्रमात तर तिशीच्या पुढच्यांसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, त्या गुणपत्रिकेत बीएमआय नाहीच. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरात बीपी-मधुमेह-हृदयविकार आहे का, एवढे प्रश्न. चारच्या वर गुण गेले की तपासणीला प्राधान्य. खांद्यावरच्या पिशवीत काटा घेऊन कोण फिरणार, टेप मावते, हे एक कारण असेलच. पण निवड चांगली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीएमआय २५ च्या वर असलेल्या बायका २४ टक्के आणि पुरुष सुमारे २३ टक्के भरले. त्याच फेरीत कंबर आणि नितंबांचं गुणोत्तर पहिल्यांदा मोजलं. ते धोक्याच्या रेषेच्या वर निघालेल्या बायका ५६.७ टक्के आणि पुरुष ४७.७ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फटीत तुमच्यासारखे लोक राहतात, हिरवा कागद हातात घेऊन.

तुमचा हिशोब आता सरळ आहे. ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ नावाचं एक पंचक आहे : आशियाई पुरुषात घेर ९० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ४० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. पाचातली तीन असली की निदान होतं. तुमची पाचही आहेत. शिवाय सिगारेट. ‘दोन-तीनच’ म्हणू नका, हृदयाच्या बाबतीत कमी सिगारेटींना सवलत फारच थोडी मिळते. शिवाय वडिलांचा अटॅक पंचावन्नच्या आतला. दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय ‘इंटरहार्ट’ या अनेक देशांतल्या अभ्यासात ५३ निघालं होतं, बाकीच्या जगात जवळपास ५९. तुम्ही ४४ चे आहात. वहिनींचं त्या पंचकातलं फक्त एक जुळतं, घेर.

वहिनींना मात्र ‘तुला काही नाही’ असं सांगून मोकळं होऊ नका. ‘जाड पण निरोगी’ ही अवस्था बहुतेक वेळा मधला मुक्काम असते. इंग्लंडमधल्या ३५ लाख लोकांच्या नोंदींवरच्या २०१७ च्या अभ्यासात, बीपी-साखर-कोलेस्टेरॉल ठीक असलेल्या लठ्ठ लोकांनाही, तसंच सगळं ठीक असलेल्या सडसडीत लोकांपेक्षा हृदयविकार ४९ टक्के जास्त झाला. पाळी थांबल्यावर चरबी पोटाकडे सरकते, तेही आहे. आणि एक प्रश्न तुमच्या तपासणीत कोणी विचारला नसेल : गरोदरपणात त्यांची साखर किंवा बीपी वाढलं होतं का? वाढलं असेल तर माझ्या लेखी तो बीएमआयपेक्षा मोठा इशारा आहे. त्यांनी रात्रीचं जेवण मात्र आजपासून सुरू करावं. उपाशी झोपून चरबीबरोबर स्नायूही झडतात, महिनाभराने वजन परत येतं आणि परत येतं ते बरंचसं चरबीच्या रूपात. चालणं आहेच, त्यात आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलण्याचा किंवा उठाबशांचा व्यायाम, ताटात भात-पोळी एक माप कमी आणि उसळ, ताक, अंडं जे चालत असेल ते जास्त. सहा महिन्यांत तीन-चार किलो गेले तर पुष्कळ. नाही गेले आणि घेर चार सेंटिमीटरने उतरला, तरी मी खूश.

कोणाच्या बाबतीत बीएमआयकडे बघूच नये, तेही सांगतो. तालमीतला चालू पैलवान : बीएमआय ३०, चरबी नाममात्र. (तालीम सुटून दहा वर्षं झालेला आणि खुराक न सुटलेला पैलवान वेगळा; तो माझा नेहमीचा पेशंट आहे.) सत्तरीचे आजोबा : मणके दबून उंची घटते, स्नायू विरतात, बीएमआय २२ दिसतो आणि खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही. पायावर सूज असलेला हृदयरोगी, ज्याचं वजन म्हणजे साचलेलं पाणी. गरोदर बाई. आणि जिथे सगळं गावच काटकुळं आहे तिथे तर काट्यावर अजिबात विसंबू नये. गडचिरोलीच्या खेड्यांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं, सातातला जवळपास एक मृत्यू. तिथे लठ्ठपणा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. बीपी मोजावं लागतं आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातो का ते विचारावं लागतं.

तुम्ही काय करायचं? सिगारेट बंद, कमी नव्हे. जमत नसेल तर निकोटीनचा च्युइंगगम किंवा औषध मिळतं, त्यात कमीपणा नाही. घरी बीपीचं यंत्र आणा, दंडावर बांधायचं, मनगटावरचं नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. एकदाच वाढलेल्या बीपीवर मी गोळी सुरू करत नाही, पण १३८/८८ विसरतही नाही. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करा. लिपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करा. हा कोलेस्टेरॉल वाहणारा कण आई किंवा वडिलांकडून वारशाने येतो आणि नेहमीच्या लिपिड रिपोर्टमध्ये दिसत नाही. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलं तर ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद दुमडू नका. हे सगळं घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल स्पष्ट विचारा. तुमच्या घरचा इतिहास बघता हा प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखा नाही. छातीत दडपण किंवा जिना चढताना नवा दम लागत असेल तर यातलं काहीच न करता आधी ईसीजी.

वजन? दोन-तीन किलो उतरवा, पण नजर घेरावर ठेवा. ९४ चे ८८ झाले आणि काट्यावर फक्त दोन किलो कमी दिसले, तरी ट्रायग्लिसराइडचा पुढचा रिपोर्ट बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. संध्याकाळचा फरसाण आणि चहातली साखर हे दोन मी आधी काढायला लावतो. भात बिचारा उगाच बदनाम आहे, प्रश्न परातीचा आहे.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की धाकटा भाऊ ३९ चा आहे, ‘५८ किलोचा, एकदम फिट, त्याला तपासणीची गरजच नाही’. वडील त्याचेही तेच. त्याचं बीपी आणि लिपिड या महिन्यात करून घ्या, आणि कमरेला टेप तुम्ही स्वतः लावा.